बांधावरचं महाळुंग



बांधावरच्या झाडाचा फोटो टाकल्यापासून विचारणा थांबेना. कुणी म्हणतंय पपनस, कुणी म्हणतंय ईडलिंबू, एका पोरानं तर "काका, एवढं मोठं लिंबू कुठल्या कंपनीचं वाण?" असं विचारलं. कंपनीचं नाही बाबा. हे महाळुंग. आमच्याकडची जुनी माणसं म्हाळुंग म्हणतात. वैद्यांच्या पुस्तकात मातुलुंग नाहीतर बीजपूर, गुजरातेत बिजोरू. शास्त्रीय नाव सिट्रस मेडिका. आता 'मेडिका' म्हटलं की आपल्याला मेडिकलचं दुकान आठवतं, पण त्या नावाचा औषधाशी काही संबंध नाही. जुन्या इराणात मीडिया नावाचा मुलूख होता, तिकडून हे फळ ग्रीक लोकांना माहीत झालं, म्हणून मेडिका. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं औषधाचा विषय येणार आहे आणि त्यात नुसत्या नावावर कुणी जायला नको.

पहिल्यांदा ओळख पक्की करू. फळ अर्ध्या किलोपासून दीड किलोपर्यंत भरतं, लांबट, अंगानं खडबडीत, पिकलं की पिवळंजर्द. एक फळ घरात ठेवलं तर वास ओसरीपर्यंत येतो. कापल्यावर मात्र नवखा माणूस फसतो. बोटभर जाड पांढरी साल, आणि मधे एवढासा गर. त्यात रस कमी, बिया जास्त. पपनसाची साल टाकून आपण गर खातो, महाळुंगात खायची ती सालच. ती पांढरी साल कडू नसते, कोवळ्या काकडीसारखी लागते, थोडी गोडसर.

फळ नसेल तेव्हा पान बघायचं. लिंबू, मोसंबी, पपनस यांच्या पानाला देठाशी एक सांधा असतो. पपनसाच्या देठाला तर असा रुंद पंख असतो की एका पानाखाली दुसरं छोटं पान चिकटवल्यासारखं दिसतं. महाळुंगाच्या देठाला पंख नाही आणि सांधाही नाही, देठ आणि पान एकसंध. कोवळी पालवी जांभळट, कळी पण बाहेरून जांभळट. काटे मात्र असे की शेळी सुद्धा दोनदा विचार करते. ईडलिंबू या नावाखाली आपल्याकडं दोन-तीन वेगवेगळी फळं खपतात, म्हणून नावावर वाद घालत बसू नका. पान तोडून देठ बघा, विषय मिटला.

आता जे सांगतो ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली होती. शास्त्रज्ञांनी लिंबूवर्गातल्या झाडांची वंशावळ तपासली आहे, आपल्या माणसांची डीएनए तपासणी करतात तशी. त्यात मूळ घराणी थोडीच निघाली. त्यातली मुख्य तीन म्हणजे महाळुंग, पपनस आणि मँडरीन, म्हणजे सुट्या सालीचं संत्रं. बाजारात दिसतात त्यातली बहुतेक फळं यांच्या आपसातल्या संकरातून झालेली. मोसंबीत पपनस आणि मँडरीन. परदेशातलं पिवळं लेमन हे आंबट नारिंगाचं आणि महाळुंगाचं लेकरू. आपलं कागदी लिंबू हे फिलिपिन्सकडच्या एका रानटी जातीचं आणि महाळुंगाचं. आणि जंबेरी, रंगपूर लिंबू ही दोन्ही मँडरीन आणि महाळुंगाची. या चारही ठिकाणी महाळुंग बापाच्या जागी आहे, म्हणजे परागकण त्याचे.

वरूड-मोर्शीकडचे जे बागायतदार हे वाचत असतील त्यांनी जरा थांबून विचार करा. तुमच्या नागपुरी संत्र्याचा डोळा कशावर भरता? जंबेरीवर, नाहीतर रंगपूरवर. म्हणजे विदर्भातल्या संत्र्याच्या बागा ज्या मुळांवर उभ्या आहेत, त्या मुळांचा बाप आमच्या बांधावर काट्यांत उभा आहे आणि लोक त्याला विचारतात, तू कुठल्या कंपनीचा.

कृषी खात्यातल्या मंडळींना आणखी एक सांगतो, त्यांना माहीत असेलच. संत्र्या-लिंबाच्या झाडाला एक्सोकॉर्टिस नावाचा रोग येतो, खुंटाची साल फाटते, झाड खुजं राहतं. झाडात तो रोग लपून आहे का हे बघायला महाळुंगाच्या एट्रॉग जातीवर त्याचा डोळा भरतात. रोग असेल तर महाळुंगाची पानं मुडपतात, ते लगेच लक्षण दाखवतं. सगळ्या भावकीचं दुखणं आधी याच्या अंगावर दिसतं.

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आपण सगळे जातो. साडी-दागिन्यांत मूर्तीचे हात नीट दिसत नाहीत, म्हणून बऱ्याच जणांना माहीत नसतं. देवीच्या उजव्या खालच्या हातात महाळुंग आहे. वरच्या हातात गदा, डावीकडं वर ढाल आणि खाली पानपात्र. ज्या देवीला आपण अख्खा जिल्हा आई म्हणतो, तिच्या हातातलं फळ जिल्ह्यातल्या शंभर माणसांना दाखवलं तर पाच जण ओळखतील का, मला शंका आहे. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात महाळुंग नावाचं गाव आहे, पुण्याजवळ म्हाळुंगे आहे. गावांना नाव आहे. झाड शोधायला गेलात तर कळेल.

मी लहान असताना आमच्या गावात पाच-सहा झाडं होती. दोन विहिरीच्या काठाला, एक देवळामागं, बाकीची कुणाच्या परसात. आज आमचं हे एकच आहे, आणि त्याच्यापासून केलेली चार रोपं. बाकीची कुणी मुद्दाम मारली नाहीत. विहिरी बुजल्या, बांध जेसीबीनं सपाट करून दोन वाफ्यांचा एक केला, ऊस काठापर्यंत आला. पण हे कारण सगळ्याच झाडांना आहे. आंबा, फणस, जांभूळ अजून टिकून आहेत ना? महाळुंग जाण्याचं खरं कारण दुसरं आहे. हे झाड फार जगत नाही. आंबा आज्ज्यानं लावला तर नातवाच्या नातवाला खायला मिळतो, मधल्या दोन पिढ्यांनी ढुंकून बघितलं नाही तरी. महाळुंग आमच्या घरात पंधरा-अठरा वर्षांच्या वर टिकलेलं मी पाहिलं नाही. बुंध्याला डिंक येतो, एकेक फांदी वाळत जाते, एका पावसाळ्यात झाड बसतं. म्हणून ते प्रत्येक पिढीला नव्यानं लावावं लागतं. एका पिढीनं लावलं नाही की गावातून गेलं.

आमच्या घरात ते टिकलं त्याला कारण आज्जीचं लोणचं. दुसरं काही नाही. आमचे आबा काही जैवविविधता वगैरे जाणत नव्हते. झाड वाळायला लागलं की आज्जी कटकट करायची, "औंदा काडी लावली न्हाईस तर फुडं लोणचं कशाचं घालू?" आणि आबा मृगात चार काड्या खोचायचे. आबांनंतर ती कटकट आमच्या आईनं केली, आता आमच्या घरच्या करतात. माझ्याकडचं झाड हे त्या ओळीतलं चौथं.

तर लोणच्याचं सांगतो, कारण याच्याशिवाय महाळुंगाला अर्थ नाही. फळ दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत उतरतं. पूर्ण पिवळं व्हायच्या आधी, हिरवट-पिवळं असताना काढायचं, साल करकरीत राहते. वरचा पिवळा पापुद्रा विळीवर पातळ काढून टाकायचा. सगळा नाही, थोडा ठेवायचा, वास त्यातच असतो. पण जास्त राहिला तर कडवटपणा येतो. पांढऱ्या सालीच्या बोटाच्या पेरापेक्षा लहान फोडी. गर वेगळा काढून बिया टाकायच्या आणि तो फोडींवरच पिळायचा. एक किलो फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ. चिनी मातीच्या बरणीत घालून आठ दिवस नुसतं ठेवायचं, रोज एकदा बरणी हलवायची. या आठ दिवसांत फोड मऊ पडते आणि पांढरी होती ती काचेसारखी होते. मग गूळ, लाल तिखट, मोहरीची डाळ, थोडी मेथी, हिंग. तेलाची फोडणी आज्जी घालत नव्हती, आमच्या घरच्या घालतात. दोन्ही चांगलं लागतं, पण बिनतेलाचं वर्ष-वर्ष टिकलेलं मी खाल्लंय.

हे लोणचं रोजच्या ताटातलं नव्हतं. ताप येऊन गेलेल्या माणसाला, पोटुशी बाईला, तोंडाला चव नाही म्हणून ताट सरकवणाऱ्या म्हाताऱ्याला मऊ भाताबरोबर एक फोड. गल्लीत कुणी आजारी पडलं की वाटी घेऊन पोरगं दारात. आज्जी बरणीतली फोड मोजून द्यायची, तेवढं मोल होतं त्याचं.

मुरंबा पण होतो. सालीच्या फोडी दोन-तीन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, पाणी बदलायचं, मग साध्या पाण्यात उकडून साखरेच्या पाकात. युरोपात हीच साल मिठाच्या पाण्यात मुरवून साखरेत घालतात आणि केकमधे टाकतात, त्याला मोठा बाजार आहे. आपल्याकडं केकमधे लाल-हिरवे तुकडे असतात ते कच्च्या पपईचे, तो वेगळा विषय.

आता औषधाकडं येतो.

चरकसंहितेत मातुलुंगाचे गुण दिलेत. पोटशूळ, अरुची, मंद झालेला अग्नी, मलावरोध, उचकी, दमा, खोकला, ओकारी यांवर ते सांगितलंय. दारूनं झालेल्या त्रासावर पण सांगितलंय, ते गावात मोठ्यानं वाचू नका, लोक झाड मुळासकट नेतील. पण त्याच ठिकाणी एक बारीक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. तिथं हे गुण केसराचे सांगितलेत. केसर म्हणजे आतले रसाचे कोष, आपण गर म्हणतो तो. तो पचायला हलका, बाकीचा भाग तसा नाही, जड आहे. म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीपासून वैद्यांनी एकाच फळाचे वेगवेगळे भाग वेगवेगळे मोजलेत. आणि आपण काय करतो? 'महाळुंग गुणकारी' एवढं ऐकतो आणि अख्खं फळ मिक्सरमधे घालतो.

आज्जीची एक फोड आणि चरकाची अरुची या दोन्ही गोष्टी जुळतात बघा. आंबट-खारट-सुगंधी काहीतरी जिभेला लागलं की लाळ सुटते, दोन घास जास्त जातात. एवढं काम ते नक्की करतं. त्यापुढचं थोडं जपून.

मुतखड्याचं घ्या. आमच्या भागात मुतखडा खूप. लोक महाळुंगाचा रस मागायला येतात. यात थोडं तथ्य आहे. लिंबूवर्गातल्या फळांत सायट्रिक आम्ल असतं, त्यामुळं लघवीतलं सायट्रेट वाढायला मदत होते. ते सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, खडा जमू देत नाही. डॉक्टर पोटॅशियम सायट्रेटचं औषध देतात ते याच तत्त्वावर. पण हे नवा खडा होऊ नये म्हणून. कॅल्शियमचा झालेला खडा रसानं विरघळून पडतो असं नाही. आणि महाळुंगात रस असतो किती? चार फळं पिळली तर एक पेला. त्यापेक्षा कागदी लिंबू स्वस्त आणि रसदार. खरं औषध पाणी आहे. दिवसाला अडीच लिटर तरी लघवी व्हावी एवढं पाणी प्या असं डॉक्टर सांगतात. आपण ऊस तोडताना, भांगलताना सकाळी एक तांब्या पितो तो दुपारच्या भाकरीपर्यंत. मग खडा होणार नाही तर काय होणार.

साखरेच्या आजाराचं घ्या. महाळुंगाच्या जाड सालीत पेक्टिन भरपूर. पेक्टिन हा पाण्यात फुगणारा तंतू. तो पोटात असला की जेवणातली साखर रक्तात सावकाश जाते, हे खरं. सालीत हेस्पेरिडिनसारखी द्रव्यं असतात, सुगंधी तेल असतं. उंदरांवर सालीच्या आणि बियांच्या अर्काचे प्रयोग झालेत आणि त्यात साखर उतरल्याचं दिसलं. पण उंदराला दिलेला अर्क वेगळा आणि आपण चावलेली फोड वेगळी. माणसाची गोळी बंद करावी असं त्यातून कुठंही निघत नाही.

हे मी एवढ्या जोरात का सांगतोय, त्याला कारण आमच्या वाडीतले एक तात्या. वय साठीच्या पुढं, दहा-बारा वर्षं साखरेच्या गोळ्या. मागच्या वर्षी त्यांच्या फोनवर कुणीतरी पाठवलेला मजकूर आला, महाळुंगाचा रस चाळीस दिवस उपाशीपोटी, साखर मुळापासून बरी. खाली कुठल्या वैद्याचं नाव नाही, गाव नाही. तात्या पिशवी घेऊन आले. मी म्हटलं, "तात्या, फळं न्या, पण गोळी चुकवू नका."

"आरं गोळ्या खाऊन किडन्या जात्यात म्हणं," तात्या म्हणाले.

"साखर वाढून जातात तात्या. डॉक्टरांना विचारा तरी."

"बघतो की," म्हणाले आणि पिशवी उचलली.

महिन्याभरानं त्यांच्या पायाला उसाच्या खोडव्याची फास लागली. जखम भरेना, काळी पडायला लागली. पोरगं तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलं तर साखर चारशेच्या वर. गोळी पहिल्या आठवड्यातच सोडली होती. पायाचं एक बोट काढावं लागलं. बोटावर निभावलं असं डॉक्टर म्हणाले. तात्या आता गोळी घेतात, रानातही येतात, चालताना थोडं लंगडतात. आणि गावात बोलणं काय झालं? "त्या म्हाळुंगानं तात्याचा पाय नासला." झाडानं साखर बरीही केली नव्हती आणि पायही नासवला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी आमच्या घरचे म्हातारे चुलते म्हणाले, काढून टाक ते झाड, बालंट नको. मी काढलं नाही.

तेव्हापासून फळ न्यायला कुणी आलं की मी एवढं सांगतो, आणि इथंही सांगतो. लोणच्यात मीठ भरपूर, तर रक्तदाबवाल्यांनी फोड चाखायची, ताट भरायचं नाही. मुरंब्यात साखर भरपूर, आणि साखरेच्या आजारावर म्हणून मुरंबा मागणारी माणसं मी बघितलीत, त्यांना काय बोलावं. आम्लपित्त, पोटात व्रण असेल तर उपाशीपोटी कुठलाच आंबट रस नको. दातांवर रोज आंबट रस गेला की दात आंबतात आणि झिजतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांच्या रसानं रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं प्रमाण रक्तात वाढतं, हे सिद्ध झालेलं आहे. महाळुंग त्यांच्याच भावकीतलं, म्हणून रोजच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि सालीचं तेल हाताला लागलेलं असताना कडक उन्हात काम करू नका, लिंबूवर्गाच्या सालीनं काही जणांच्या कातडीवर काळे डाग, फोड येतात. हात धुतले की झालं.

एवढं सगळं सांगूनही मी म्हणेन की झाड लावा. एक झाड, बांधाला किंवा परसात. एकर-दोन एकर लावायचा विचार करत असाल तर आधी घेणारा शोधा. वैद्यांना रस लागतो, काही औषधांना मातुलुंगाच्या रसाची भावना देतात, पण तेवढ्यावर बाग उभी राहात नाही. मला विचाराल तर हे विकायचं पीक नाही, बरणीचं पीक आहे. बचत गटाच्या बायकांनी लोणचं-मुरंबा करून विकला तर गोष्ट वेगळी, त्यात फळापेक्षा हाताची किंमत जास्त.

लावायचं कसं? दोन रस्ते. काडी आणि बी. काडी सगळ्यात सोपी, लिंबूवर्गात काडीनं इतकं सहज फुटणारं दुसरं झाड माझ्या बघण्यात नाही. मृग लागल्यावर पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांची काडी, पानं काढून, दोन डोळे मातीत. सावलीत पिशवीत लावा, दीड-दोन महिन्यांत मुळं येतात. तिसऱ्या वर्षी पहिली फळं.

पण ज्यांच्या घरात संत्रा, मोसंबी, लिंबाची बाग आहे त्यांनी माझ्याकडनं किंवा कुणाकडनंही काडी नेऊ नका. ट्रिस्टेझा, ग्रीनिंग असले रोग काडीतून, डोळ्यातून जातात, आणि झाड वरून हिरवंगार दिसत असतं. एका महाळुंगापायी बाग धोक्यात घालू नका. त्यांनी बी न्यावं, हे रोग सहसा बियातून येत नाहीत. बियाची रोपं झाडासारखीच निघतील का, अशी शंका येते. जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बरेचसे आईचीच नक्कल असतात, म्हणून खुंटाला ती सोयीची. महाळुंगाच्या बीतून एकच कोंब येतो, तो संकराचा असू शकतो. पण हे झाड बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळं रोप फारसं बदलत नाही. बी वाळवून डब्यात ठेवू नका, उगवण जाते. फळ कापलं, बी धुतलं, सावलीत पाणी निथळलं की लावून टाका.

डोळा भरून कलम करायची गरज नाही. एक गंमत सांगतो. ज्यू लोकांना सुक्कोत नावाच्या सणाला हेच फळ लागतं, त्याला ते एट्रॉग म्हणतात. त्यांच्यात कलम केलेल्या झाडाचं फळ पूजेला चालत नाही, स्वतःच्या मुळावर वाढलेल्या झाडाचंच लागतं. त्या एका नियमामुळं त्यांनी शेकडो वर्षं शुद्ध महाळुंग सांभाळलं आणि एकेका निर्दोष फळाला चांगली किंमत मोजतात. आपण देवीच्या हातात बघतो आणि परसातलं तोडतो.

खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, निचरा होणारी जमीन. आमच्या रेगडीत मी मातीचा उंचवटा करून त्यावर लावलंय. पाणी बुंध्याला लागू द्यायचं नाही, दुहेरी आळं करायचं, आतलं कोरडं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. याचा काळ म्हणजे डिंक्या. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा बुंध्याला अडीच-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नका, प्लॅस्टिकच्या बादलीत. डिंक दिसला तर तेवढी साल धारदार चाकूनं खरवडून मग पेस्ट. पालवीवर नागअळी आणि लिंबाच्या फुलपाखराची अळी येते, एकाच झाडाला हातानं वेचली तरी पुरतं. फळं जड असतात, फांद्या मोडतात, खाली बेचक्याचा टेकू द्या. पोरांना आधीच सांगून ठेवा की काट्यांत हात घालायचा नाही, सांगून ऐकतील असं नाही.

आमच्या झाडाला यंदा पंधरावं वर्ष. खालच्या फांदीला मागच्या पावसाळ्यात डिंक दिसला, खरवडून पेस्ट लावली, सध्या ठीक आहे. किती वर्षं काढेल सांगता येत नाही. चार रोपांतली दोन बहिणीच्या गावाला दिली, दोन घरामागं आहेत. या मृगात आणखी वीसेक काड्या पिशवीत भरणार आहे. ज्यांच्याकडं लिंबूवर्गाची बाग नाही त्यांना ऑगस्टच्या शेवटाला रोपं मिळतील, पैसे नकोत, पिशवी तेवढी परत आणा. बागवाल्यांसाठी बी दिवाळीनंतर, फळ उतरल्यावर. येताना ओला कपडा आणा बी गुंडाळायला. आणि कुणाच्या गावात जुनं झाड उभं असेल तर पानाच्या देठाचा जवळून फोटो पाठवा, नुसत्या फळाचा नको.